मेल की फिमेल? पहिलं पिल्लू घरी आणण्याआधी

पिल्लू आणायचं ठरलं की घरात आधी जातीवर चर्चा होते आणि मग मेल की फिमेल यावर. ही दुसरी चर्चा बहुतेक घरांत दोन मिनिटांत आटोपते: ‘फिमेल नको, दर सहा महिन्यांनी कटकट.’ मग मेल येतो. आठ-दहा महिन्यांनी तो सोफ्याच्या पायाशी तंगडी वर करू लागतो, फाटक उघडं दिसलं की धूम ठोकतो, आणि तेव्हा लक्षात येतं की कटकट दोन्हीकडे आहे, फक्त तऱ्हा वेगळी. दत्तक द्यायला ठेवलेल्या गावठी पिल्लांतही नर आधी जातात आणि मादी मागे राहतात. त्या मागे राहिलेल्यांतच अनेकदा घराला अगदी हवं तसं कुत्रं असतं.

मेल की फिमेल यावरून कुत्र्याच्या शरीराचं वेळापत्रक कळतं. कोणत्या वयात काय सुरू होईल, कशावर लक्ष ठेवावं लागेल, म्हातारपणी कोणता आजार डोकं वर काढेल, हे त्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. स्वभाव मात्र आई-बापावर, पहिल्या चार महिन्यांत पिल्लाला काय काय पाहायला-ऐकायला मिळालं त्यावर आणि तुम्ही लावलेल्या शिस्तीवर ठरतो. ‘फिमेल जास्त लळा लावते’, ‘मेल जास्त राखण करतो’ या दोन वाक्यांवर निवड करू नका. एकाच वेतातल्या दोन नरांच्या स्वभावात कधी कधी इतका फरक असतो की नर-मादीतला फरक त्यापुढे काहीच वाटत नाही.

आधी ठरवा: नसबंदी करणार का?

हा प्रश्न पिल्लू पाहायला जाण्याआधी सोडवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. योग्य वयात नसबंदी करणार असाल तर नर-मादीतला फरक बराच आटतो. अंगकाठी, ऑपरेशनचा खर्च आणि थोडेफार आजार एवढंच उरतं. करणार नसाल तर खाली जे लिहिलं आहे ते सगळं दहा-बारा वर्षं सांभाळावं लागेल.

‘एकदा पिल्लं होऊ देऊ, मग करू’ हा विचार फार ऐकू येतो. एक वेत झाल्यानं मादीच्या तब्येतीला किंवा स्वभावाला काहीही फायदा होत नाही. उलट प्रत्येक माजागणिक स्तनांच्या गाठींचा धोका वाढत जातो. ‘पिल्लं विकून खर्च निघेल’ हाही हिशेब कच्चा आहे. लॅब्रेडॉरला सहा-आठ पिल्लं सहज होतात. त्या सगळ्यांचं जंताचं औषध, पहिली लस, आईचा वाढीव खुराक, आणि बाळंतपण अडलं तर सिझेरियन, हे सगळं तुमच्या खिशातून जातं. शिवाय २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार पिल्लांच्या विक्रीसाठी प्रजनन करायचं तर राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेणाऱ्यानंही हा दुसरा नियम पक्का लक्षात ठेवावा. पाच आठवड्यांचं पिल्लू कुणी हातावर ठेवत असेल तर ते मेल आहे की फिमेल हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि तिथून निघा. आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकायचे आठवडे नेमके तेच असतात.

मादी: तीन आठवडे डोळ्यात तेल घालून

मादी पहिल्यांदा माजावर म्हणजे हीटवर येते ती साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात. लहान जाती लवकर येतात. मोठ्या जातींत दीड वर्षही लागतं, कधी त्याहून जास्त. पुढे दर सहा-सात महिन्यांनी हे चक्र फिरतं. काही माद्यांचं, विशेषतः काही देशी माद्यांचं, वर्षातून एकदाच येतं.

पाळी म्हटल्यावर माणसाचं गणित लावलं जातं आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. कुत्रीचं रक्त दिसतं तेव्हा ती मिलनाला तयार नसते. पहिले साधारण नऊ दिवस शेपटीखालचा भाग सुजलेला असतो आणि लालभडक थेंब पडतात. नर मागे लागतात, पण ती खाली बसते किंवा गुरकावते. मग स्राव पातळ आणि फिकट होतो, गवताच्या काडीसारखा पिवळसर किंवा गुलाबी. पाठीवर कमरेजवळ हात ठेवला की ती शेपूट एका बाजूला घेऊन स्थिर उभी राहते. इथून पुढचे साधारण नऊ दिवस गर्भ राहण्याचे असतात. घरच्यांना वाटतं, रक्त थांबलं, संपलं, आणि ते तिला पूर्वीसारखं खाली सोडतात. न ठरवलेली बहुतेक बाळंतपणं याच चुकीतून येतात.

म्हणून पहिला थेंब दिसला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून पूर्ण २१ दिवस मोजा. २१ दिवसांनंतरही सूज उतरलेली नसेल किंवा बाहेरचे नर अजून घोटाळत असतील तर आणखी आठवडाभर थांबा. या काळात:

- फिरवताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला, दोर आखूड धरा. नेहमी हाक मारली की धावत येणारी मादीही या दिवसांत ऐकेलच असं नाही.
- गल्लीतली कुत्री झोपलेली असतात अशी वेळ शोधा. मूठभर अंगाचं कुत्रं असेल तर इमारतीपासून थोडं लांबपर्यंत उचलून किंवा गाडीतून न्या. दारापासूनच चालवलं तर वासाची वाट थेट तुमच्या फाटकापर्यंत जाते आणि रात्रभर बाहेर नरांची रांग लागते.
- डायपर किंवा पँटी फरशी आणि सोफा वाचवते, गर्भ राहणं थांबवत नाही. तीन-चार तासांनी बदला, शू-शीसाठी काढा आणि काही वेळ तशीच मोकळी ठेवा. नाहीतर कातडी लाल होते.
- बंगल्याच्या अंगणात बांधून ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. पाच फुटांची भिंत गावठी नर सहज चढतो, आणि जाळीच्या फाटकातूनही मिलन होऊ शकतं. तिला घरात ठेवा.
- हीटवर असलेली मादी डॉग हॉस्टेलवाले सहसा ठेवून घेत नाहीत. गावी जायचं, लग्नाला जायचं असेल तर ही तारीख आधीच पाहा.

तरीही जोडी जुळलीच तर दोघं पाठीला पाठ लावून दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अडकून राहतात. पाणी मारणं, काठी मारणं, ओढून सोडवणं यातलं काहीही करू नका, दोघांनाही आतून इजा होते. मादीचं डोकं धरून तिला शांत ठेवा, सुटू द्या, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. गर्भ नको असेल तर काय करायचं हे तेच ठरवतील. मेडिकलमधून आपल्या मनानं हार्मोनची गोळी आणून देऊ नका, त्यातून गर्भपिशवीत पू होण्याचं संकट ओढवतं. गर्भ राहिला आहे का हे २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत दिसतं. बाळंतपण साधारण ६३ दिवसांनी होतं.

हीट संपली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. पुढच्या दोन महिन्यांत दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं असतं. पहिली निरुपद्रवी आहे: गर्भ नसतानाही मादीला दूध येतं, ती कोपऱ्यात चादरी ओढून अंथरूण करते, एखादं खेळणं पिल्लासारखं सांभाळते, जवळ गेलं की गुरगुरते. दूध पिळून काढू नका, पिळलं की आणखी येतं. खेळणं हळूच बाजूला करा, फिरणं वाढवा. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. तिला पायोमेट्रा म्हणतात, म्हणजे गर्भपिशवीत पू साठणं. मादी अचानक खूप पाणी पिते, वारंवार लघवी करते, जेवण सोडते, उलट्या करते, मलूल पडते. पू बाहेर दिसेलच असं नाही. पिशवीचं तोंड बंद असेल तर एक थेंबही दिसत नाही आणि तोच प्रकार जास्त घातक असतो. मधल्या वयाची, नसबंदी न केलेली मादी हीटनंतर महिना-दोन महिन्यांत अशी वागली तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. बहुतेक वेळा तातडीनं ऑपरेशन हाच उपाय असतो, आणि आजारी मादीचं ते ऑपरेशन निरोगी मादीच्या नसबंदीपेक्षा कितीतरी जोखमीचं आणि महाग असतं.

फिमेल घेऊन नसबंदी करायची नाही, असा बेत असेल तर वरचा परिच्छेद घरातल्या प्रत्येकाला वाचायला द्या.

नर: वर्षभर थोडं थोडं

मादीचा त्रास ठरलेल्या तारखांना येतो. नराचा तसा येत नाही, तो रोजच्या फिरण्यात मिसळलेला असतो. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान तंगडी वर करणं सुरू होतं आणि लघवी हे निरोप ठेवण्याचं साधन बनतं. सोसायटीत याचा पहिला फटका पार्किंगमधल्या स्कूटरच्या चाकाला बसतो, दुसरा लिफ्टच्या कोपऱ्याला, आणि तिसरा तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी तुळशीच्या कुंडीला. भांडणं इथूनच पेटतात. उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवसापासून करावा लागतो. दारातून निघाल्यापासून फाटकाबाहेर ठरलेल्या जागेपर्यंत दोर आखूड, चाल वेगात, मध्ये थांबायचं नाही. जागा आली की दोर सैल सोडायचा आणि हवं तितकं हुंगू द्यायचं. नराचं फिरणं यामुळे लांबतं, हे धरून चाला. मादी दोन-तीन वेळा बसून मोकळी होते, तर नर वीस ठिकाणी चार-चार थेंब टाकतो.

घरातही थेंब पडू लागले तर आधी पाहा की ते नेमकं काय आहे. फरशीच्या मध्यावर थारोळं असेल तर शिस्त कच्ची आहे किंवा लघवीचा आजार आहे. खांब, पडदा, नवी पिशवी, पाहुण्यांची बॅग अशा उभ्या वस्तूवर थोडेच थेंब असतील तर ते खूण करणं आहे. नुसत्या फिनेलनं पुसू नका. आपल्याला फिनेलचाच वास येतो, पण त्याच्या नाकाला खालचा मूळ वास लागतोच आणि तो पुन्हा तिथेच येतो. पेटशॉपमध्ये मिळणारा एन्झाइम क्लीनर लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग पुसा.

दुसरी गोष्ट पळून जाण्याची. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मिलनाचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या शेवटाला सुरू होतो. भाद्रपद उगीच बदनाम नाही. आणि नेमक्या त्याच महिन्यात गणपतीसाठी कुत्र्यासकट कोकणात किंवा घाटावर गावी जाणं होतं. घर अनोळखी, अंगण उघडं, दारात माणसांची ये-जा, आणि वाऱ्यावर चार वाड्यांपलीकडच्या मादीचा वास. शहरात कधीही न पळालेला मेल इथे नाहीसा होतो. गावी न्यायचाच असेल तर पट्ट्यावर मोबाईल नंबर कोरलेली पट्टी घाला, अंगणातही लांब दोरावर ठेवा आणि रात्री घरात घ्या. एका मादीमागे पाच-सहा नर फिरत असतील तर तो रस्ता टाळा. त्या घोळक्यात पाळलेल्या कुत्र्याचा निभाव लागत नाही. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लस पूर्ण झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रेबीजचे पुढचे डोस लागतात.

बाहेरच्या कुत्र्याशी संबंध आला तर आणखी एक आजार पदरी पडतो, नरालाही आणि मादीलाही. त्याला टीव्हीटी म्हणतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लालसर गाठ येते आणि रक्ताचे थेंब पडत राहतात. मादीत घरचे याला हीटच समजतात आणि महिने घालवतात. हीटचं रक्त तीन आठवड्यांत थांबतं, हे थांबत नाही, ही खूण धरा. आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शनं घेऊन बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, म्हणून घाबरण्यापेक्षा लवकर दाखवणं महत्त्वाचं.

नराच्या लिंगाच्या टोकाशी थोडा पिवळट-हिरवट स्राव दिसणं सामान्य आहे. खूप येत असेल, रक्त असेल किंवा तो सतत चाटत असेल तरच काळजीचं. पाच-सहा वर्षांनंतर नसबंदी न केलेल्या नरांत प्रोस्टेट वाढतं. शी करताना कुंथणं, चपटी शी, लघवीत रक्त ही त्याची लक्षणं.

ऑपरेशन: कधी, कसं, आणि काय बदलत नाही

नराचं ऑपरेशन छोटं असतं, पोट उघडावं लागत नाही. मादीचं पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून खर्च जास्त आणि विश्रांतीही जास्त. आधी रक्ततपासणी करून घ्या, भूल कोणती देणार आणि ऑपरेशनच्या वेळी भूल सांभाळायला वेगळा माणूस असतो का, हे सरळ विचारा. चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत.

वयाबद्दल एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. देशी आणि लहान जातींत साधारण सहा महिन्यांपासून पुढे करता येतं, आणि मादी असेल तर पहिल्या हीटच्या आधी केल्यास पुढे स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांत हाडं आणि सांधे भरायला वेळ लागतो, म्हणून वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा सल्ला मिळतो, विशेषतः नरांना. मोठ्या जातीच्या मादीत सांध्यांचा विचार एका बाजूला आणि स्तनांच्या गाठींचा दुसऱ्या बाजूला असतो. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बसून घ्या, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून नको.

हीट चालू असताना मादीची नसबंदी टाळतात, कारण तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. हीट संपून दोन-तीन महिने झाले की करावी. नराच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. घरात नसबंदी न केलेली मादी असेल तर किमान सहा आठवडे दोघांना लांब ठेवा.

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. तेवढे दिवस गळ्यात प्लास्टिकचा कोन हवाच, म्हणजे तोंड टाक्यांपर्यंत पोचत नाही. ‘बिचाऱ्याला त्रास होतो’ म्हणून रात्री कोन काढला की सकाळी टाके उसवलेले सापडतात. उड्या, जिना, आंघोळ बंद. मग येतो वजनाचा प्रश्न. नसबंदीनंतर शरीराची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, म्हणून त्याच आठवड्यापासून खाणं अंदाजे पाचव्या हिश्शानं कमी करा आणि दर महिन्याला वजन करा. नसबंदीमुळे कुत्रं जाड होतं असं लोक म्हणतात. खरं तर आधीचाच वाडगा तसाच भरत राहतो.

मोठ्या जातीच्या काही माद्यांना नसबंदीनंतर झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. औषधानं बहुतेकांना आराम पडतो.

नराच्या नसबंदीनंतर पळून जाणं, वस्तूंवर चढणं आणि घरातल्या खुणा बऱ्याच कुत्र्यांत कमी होतात, सगळ्यांत नाही. सवय दोन-तीन वर्षं जुनी झाली असेल तर फरक थोडाच पडतो. राखण करण्याची वृत्ती जाईल, ही भीती मनातून काढा, ती जात नाही. पण भित्रेपणातून गुरगुरणारा, चावणारा नर ऑपरेशननं सुधारेल अशीही आशा धरू नका. अशा कुत्र्याला आधी प्रशिक्षक दाखवा. घाईनं केलेलं ऑपरेशन कधी कधी भीती वाढवतं.

तुमचं घर, तुमची माणसं, आधीचं कुत्रं

रोज दोर कुणाच्या हातात असणार, हे पाहा. लॅब्रेडॉरचा नर साधारण २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२. जर्मन शेफर्डचा नर ३० ते ४० किलो, मादी २२ ते ३२. सकाळी आजोबा फिरवणार असतील किंवा संध्याकाळी शाळेतली मुलगी, तर मोठ्या जातीत मादी हाच शहाणपणाचा पर्याय. समोरून दुसरं कुत्रं आलं आणि ३८ किलोच्या नरानं झेप घेतली तर मनगट मुरगळतं. पग, शिट्झू, पॉमेरेनियन यांत हा मुद्दाच उरत नाही. गावठी कुत्र्यांत आणि आपल्याकडच्या कारवानीतही नर उंचीनं थोडा जास्त भरतो, पण अंग सडसडीत असल्यामुळे सांभाळायला तितका जड जात नाही.

घरात आधीच कुत्रं असेल तर निवड जवळजवळ झालेलीच आहे: विरुद्ध लिंगाचं आणा आणि किमान एकाची नसबंदी नक्की करा. एक नर आणि एक मादी यांचं सगळ्यात सहज जमतं. दोन नर बहुधा आवाज जास्त करतात, जखमा कमी करतात. दोन माद्यांचं एकदा फाटलं की ते भांडण जुंपून राहतं आणि एकीला कायमचं दुसऱ्या खोलीत ठेवण्याची वेळ येते. नवख्यांनी दोन माद्यांच्या वाटेला जाऊ नये. एकाच वेतातली दोन पिल्लं एकदम आणणंही टाळा. ती एकमेकांत रमतात आणि माणसाचं ऐकायला शिकत नाहीत. आणि भाऊ-बहीण आहेत म्हणून त्यांना पिल्लं होणार नाहीत, असं तर मुळीच समजू नका.

नसबंदी न केलेला नर आणि हीटवरची मादी एकाच घरात असतील तर मध्ये दोन बंद दारं ठेवा. नर जेवत नाही, रात्रभर विव्हळतो, दार ओरबाडतो. तीन आठवडे त्याला नातेवाइकांकडे पाठवणं हे दोघांनाही आणि शेजाऱ्यांनाही सुखाचं.

इमारतीखाली आठ-दहा गावठी कुत्री राहत असतील तर त्यांची नसबंदी झाली आहे का पाहा. कानाच्या टोकाला खाच असलेलं कुत्रं म्हणजे ऑपरेशन झालेलं. खाच नसलेले नर जास्त असतील तर नसबंदी न केलेल्या मादीला इथे दर हीटला घराबाहेर पडणं मुश्कील होतं, आणि नसबंदी न केलेल्या नराला रोज आव्हान मिळतं. मोठं, वर्षा-दोन वर्षांचं गावठी कुत्रं दत्तक घेत असाल तर हीच खाच तुमचा अर्धा प्रश्न सोडवते.

पिल्लू हातात घेतल्यावर

विकणारा ‘मेल आहे’ म्हणाला म्हणून मानू नका, चूक सर्रास होते. पिल्लाला तळहातावर पाठीवर टेकवा. बेंबीच्या थोडं खाली, पोटाच्या मध्यावर केसांचं टोक असलेलं छोटं उंचवट्यासारखं छिद्र दिसलं तर नर. पोट मोकळं आणि शेपटीखाली गुदद्वाराच्या खाली छोटी पानाच्या आकाराची फट दिसली तर मादी. स्तनांवरून ओळखू नका, ते दोघांनाही असतात.

नर असेल तर मागच्या पायांच्या मध्ये दोन बोटांनी हलकेच चाचपा. आठ आठवड्यांच्या आसपास वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या लागायला हव्यात. एकच लागली किंवा एकही लागली नाही तर ते विचारून घ्या आणि किंमत त्यानुसार बोला. सहा महिन्यांपर्यंत खाली आली नाही तर ती पोटात किंवा जांघेत अडकली आहे, तिथे पुढे गाठ होण्याचा धोका जास्त असतो आणि ती शोधून काढावी लागते. अशा नराची नसबंदी टाळण्यासारखी नसते आणि ऑपरेशन नेहमीपेक्षा मोठं होतं. दोघांच्याही बेंबीवर मऊ फुगवटा आहे का ते पाहा, तो हर्निया असू शकतो.

मग पिल्लांना खाली सोडा आणि जमिनीवर बसा. काही बोलू नका. कोणतं पिल्लू स्वतःहून येतं, हुंगतं, थोडं खेळून परत जातं, ते पाहा. किल्ल्यांचा जुडगा दोन-तीन फुटांवर टाका. दचकून मागे सरलेलं पिल्लू अर्ध्या मिनिटात पुन्हा पुढे येत असेल तर उत्तम, कोपऱ्यातून हलतच नसेल तर नवख्या घरानं ते घेऊ नये. एकाला उचलून दोन्ही हातांत पाठीवर धरा: थोडं वळवळून शांत होणारं पिल्लू मुलांच्या घरात चांगलं निभावतं. आईला नक्की पाहा. ती माणसाला घाबरत किंवा अंगावर येत असेल तर पिल्लांच्या स्वभावाबद्दल तुम्हाला बरंच कळलं. ही परीक्षा ज्या पिल्लानं चांगली दिली ते फिमेल निघालं आणि तुमच्या मनात मेल होता, तर मन बदला. नसबंदी करणार असाल तर आमचा सल्ला हाच आहे. पहिलं कुत्रं, फ्लॅट, दिवसभर घरात कुणीतरी थोरलं माणूस आणि मोठ्या अंगाची जात, असं चित्र असेल तर आम्ही मादीच सुचवू. नसबंदी कुणीच करू देणार नाही अशा घरानं नर घ्यावा, कारण तिथे पायोमेट्राचं आणि नको असलेल्या वेताचं ओझं तरी नसतं.

पहिल्या तीन-चार दिवसांत डॉक्टरांकडे न्या. लसींचं कार्ड तपासून घ्या: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू झालेली लस सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका, पार्व्हो या विषाणूची लागण मातीतून आणि चपलांतूनही होते. महापालिकेचा श्वान परवाना रेबीजच्या लसीनंतर काढून ठेवा. पुण्या-मुंबईत तो लागतोच. त्याच फाईलच्या शेवटच्या पानावर मादी असेल तर हीटच्या तारखा लिहीत जा, आणि नर असेल तर सहाव्या महिन्यात दोन्ही गोळ्या उतरल्या का ते पुन्हा तपासायचं, याची नोंद आजच करा.